सतरा नंबरचं बटण

भट्टी पेटलेली असली की काका बोलत नसत, आणि दुसऱ्या कोणी बोललेलंही त्यांना चालत नसे. एकदा सर मागून येऊन काहीतरी विचारायला लागले. सर म्हणजे माझे मार्गदर्शक आणि आमच्या विभागाचे प्रमुख. काकांनी भट्टीच्या काळ्या काचेवरचा डोळा न काढता नुसता डावा हात वर केला, वाहतूक पोलिसासारखा. तो हात खाली येईपर्यंत सर दारातच उभे राहिले. मला त्या प्रयोगशाळेत येऊन तेव्हा आठवडा झाला होता. इथे खरा प्रमुख कोण, ते मला त्याच दिवशी कळलं.

प्रयोगशाळा परळला होती, एका बंद गिरणीच्या भिंतीला लागून. काका तिथे तंत्रज्ञ होते. नोकरीतून रीतसर निवृत्त झालेले, पण ती भट्टी त्यांच्याशिवाय कोणाला धड चालवता येत नसल्यामुळे वर्षावर्षाच्या करारावर ठेवलेले. बुटके, काटक, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. वडील गिरणीत होते, गाव मालवणजवळ, आणि बिऱ्हाड लालबागच्या एका चाळीत, जन्मापासून त्याच खोलीत.

आमची भट्टी लोहाराच्या भट्टीसारखी नव्हती. एक जाड पोलादी डबा, त्यातली हवा पंपाने काढून घ्यायची, मग आर्गॉन नावाचा वायू भरायचा. आत तांब्याची बशी, तिच्या खालून थंड पाणी खेळवलेलं. वरून विजेची ठिणगी पडली की बशीतले धातूचे तुकडे वितळून पेढ्याएवढा चकचकीत गोळा होई. त्याला आम्ही बटण म्हणायचो.

मी काय शोधत होते ते सांगायला हवं. पितळ म्हणजे मुख्यतः तांबं, पोलाद म्हणजे मुख्यतः लोखंड. एक धातू मालक, बाकीचे चिमूटभर. हजारो वर्षं माणूस धातू असेच मिसळत आला. अलीकडे जगभरच्या लोकांनी ही रीत मोडली. चार-पाच धातू जवळपास सारख्या वाट्याने घ्यायचे आणि एकत्र वितळवायचे. त्यातून कधीकधी असा धातू निघतो, की विमानाच्या इंजिनातल्या ज्या आचेला आजचे धातू मऊ पडतात, तिथेही तो ताठ राहतो. अडचण एकच. आचेत ताठ राहणारे हे धातू थंड असताना काचेसारखे तडकतात. भट्टीत ताठ आणि हातात चिवट, असा धातू मला हवा होता. मलाच नाही, या कामात पडलेल्या सगळ्यांनाच हवा होता.

काकांचा या कल्पनेवर विश्वास नव्हता. पहिल्यांदा मी त्यांना पाच धातूंचे सारखे वाटे सांगितले, तेव्हा ते कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले की आमच्या गावात पाच भावांनी सारखे वाटे केलेले त्यांनी एकदाही पाहिलेले नाहीत. प्रत्येक बांधावर एकेक खटला उभा आहे. मग त्यांनी वजनकाटा काढला आणि ते वाटे इतके काटेकोर तोलले की मला माझ्याच कागदाची लाज वाटली. तोलताना ते श्वास धरून ठेवत. टंगस्टनचा तुकडा थोडा जास्त भरला तर त्याची कड घासून काढत, पुन्हा तोलत. तीनदा घासावं लागलं तरी तीनदा घासत. विश्वास नसलेल्या कामाला एवढी मेहनत घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

भट्टी पेटली की ठिणगी पहिल्यांदा आमच्या धातूंवर पडत नसे. बाजूच्या खळग्यात टायटॅनियमचा एक तुकडा ठेवलेला असे, आधी तो वितळवायचा. डब्यात चुकून राहिलेली हवा तो शोषून घेतो, असं त्यामागचं शास्त्र. काका त्याला नैवेद्य म्हणत. थंड झाल्यावर नैवेद्य चांदीसारखा चमकला तर पुढचं काम. निळसर झाक आली तर कुठूनतरी हवा शिरतेय, म्हणून सगळं बंद करायचं आणि रबराच्या कड्या तपासायला बसायचं. अशा दिवशी मी कितीही घाईत असले तरी उपयोग नसे. नैवेद्य पावला नाही, एवढंच ते सांगत.

आणि पलटणं. बटण एकदा वितळवून भागत नाही. टायटॅनियम लवकर वितळतं, टंगस्टनला त्याच्या दुप्पट आच लागते. पहिल्या वेळी टंगस्टन तळाशी तसंच बसून राहतं. म्हणून डब्याच्या आतल्या सळईने बटण पालथं करायचं, पुन्हा वितळवायचं, पुन्हा पालथं. किमान पाच वेळा. ती सळई बाहेरून हातानेच फिरवायची असते आणि आत बघायला हातभर अंतरावर एक काळी काच. मला ते कधीच नीट जमलं नाही. बटण निसटून डब्याच्या कोपऱ्यात जाई. काकांच्या हातात ते तव्यावरच्या भाकरीसारखं उलटे.

हा पलटण्याचा सोस त्यांना घरी जातानाही सोडत नसे. एका मे महिन्यात आईने मला मालवणी मसाला करून आणायला सांगितला. आम्ही गिरगावातले, आमच्या घरी तोवर तयार पुडा येत असे. काका म्हणाले, चल, मी नेतो. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत आम्ही शिरलो तेव्हा मसाला कुटणारे डंक धडधडत होते आणि आजूबाजूचे सगळे शिंकत होते. काका शिंकले नाहीत. त्यांनी मिरच्या मोडून पाहिल्या, धणे चावून पाहिले. कुटलेला मसाला परातीत आला तशी दुकानवाली बाई पिशवी भरायला लागली. काकांनी तिला थांबवलं. परातीच्या चार कोपऱ्यांतून चार चिमट्या घेतल्या, एकेक हुंगली, आणि म्हणाले की या बाजूला बडीशेप जास्त आहे. बाई म्हणाली, तीस वर्षं मसाला करतेय. काका म्हणाले, असेल, पण हा अजून एकदा खालीवर कर. मागे रांग लागलेली. बाईने डोळे वटारले, पण दोन्ही हात घालून सगळी परात खालीवर केली. काकांनी पुन्हा चार चिमट्या घेतल्या. बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "सासरे काय गं?" मी नाही म्हटलं, तर म्हणाली, "सुटलीस."

आता सतरा नंबरबद्दल.

सोळा बटणं फुकट गेली होती. कोणी थंडपणी तडकलं, कोणी आचेत मऊ पडलं, एकदोन नुसतीच भुगा झाली. माझं पीएचडीचं पाचवं वर्ष चालू होतं. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेने पुढच्या कामासाठी मला घेण्याची तयारी दाखवली होती, हाती काहीतरी दाखवण्यासारखं असेल तर. अशात सतरा नंबरचं बटण निघालं. त्याचे आम्ही दोन छोटे खांब कापले. एक बाराशे अंशांवर दाबला. तो वाकायला तयार नव्हता. दुसरा साध्या तापमानाला दाबला. तो तडकला नाही, शहाण्या मुलासारखा हळूहळू चेपत गेला.

सरांनी आकडे तीनदा तपासले आणि खुर्चीतून उठून माझ्याशी हात मिळवला. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. इंजिनाचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीची माणसं पुढच्या आठवड्यात येणारच होती, सरांनी त्यांना फोन करून सांगितलं की आता मुद्दाम वेळ काढून या. जर्मनीला मी त्याच संध्याकाळी कळवलं.

काका काही बोलले नाहीत. मला वाटलं, सारख्या वाट्यांवरचा त्यांचा अविश्वास खोटा पडला म्हणून त्यांना लागलंय. ते दिवसही त्यांचे वाईट होते. त्यांची चाळ पाडून टॉवर होणार होता. त्याच आठवड्यात त्यांनी खोली रिकामी करून किल्ल्या दिल्या होत्या आणि काकी आणि ते सायनच्या एका तात्पुरत्या खोलीत राहायला गेले होते. मी दोनदा विचारलं, बरं नाही का. ते हो म्हणाले आणि बशी पुसत राहिले.

चौथ्या दिवशी दुपारी मी एकटी असताना ते माझ्या टेबलापाशी आले आणि उभेच राहिले.

"बाय, सतरा नंबर मी तीनदाच पलटलाय."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, भट्टीच्या नोंदवहीत पाच लिहिलंय.

"वहीत मी लिवलंय. हाताच्या सवयीनं."

मग त्यांनी सांगितलं. तो खोली रिकामी करण्याचा दिवस होता. चार वाजता किल्ल्या द्यायच्या होत्या, काकी सामानापाशी एकट्या होत्या, आणि तिसऱ्यांदा पलटून झाल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं आणि वीज बंद केली. उद्या उरलेलं करू, असं मनाशी म्हणत त्यांनी वही भरली. दुसऱ्या दिवशी ते सामान लावायला घरी राहिले. तोवर मी बटण कापायला पाठवलं होतं.

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो खऱ्याखोट्याचा नव्हता. यांनी हे मला का सांगितलं, असा तो विचार होता. मी म्हटलं की दोन वेळा कमी पलटल्याने काय एवढा फरक पडणार. म्हटलं की निकाल तर मशीनने दिलाय. मग म्हटलं की तुमचा करार पुढच्या महिन्यात संपतोय, वहीत खोटी नोंद केली हे कळलं तर पुन्हा मिळणार नाही. हे मी त्यांच्या काळजीने बोलतेय असं मला बोलताना खरंच वाटत होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वही मागितली. वही कपाटात असे आणि कपाटाला कुलूप. किल्ली सरांकडे आहे, आणते, असं सांगून मी बाहेर आले. सरांच्या खोलीकडे गेलेच नाही. पाण्याच्या पिंपापाशी उभी राहिले. कामगार गिरणीच्या भिंतीला शिडी लावून वर उगवलेला पिंपळ उपटत होते, ते बघत राहिले. काका कंटाळून निघून जातील, उद्यावर जाईल, उद्या ते कदाचित विसरतील, असं काहीबाही मनात येत होतं. दहा मिनिटांनी परत आले. ते जागचे हलले नव्हते. मी कपाट उघडून वही त्यांच्यापुढे ठेवली.

ते म्हणाले, "सरांकडे गेली नव्हतीस. किल्ली तुझ्या खिशात वाजत होती."

आवाजात राग नव्हता. त्यांनी पाचावर आडवी रेघ मारली, शेजारी तीन लिहिलं, खाली पूर्ण नाव लिहून सही केली. त्या वहीतली ती त्यांची पहिली खाडाखोड होती. नंतर मी मागची सगळी पानं उलटून पाहिली, म्हणून सांगते.

सरांकडे आम्ही दोघं मिळून गेलो. सरांनी वहीतली खाडाखोड पाहिली. मग म्हणाले, उरलेलं बटण मधोमध कापा आणि सूक्ष्मदर्शकाखाली घाला. मी आधी घातला होता तो एकाच बाजूचा तुकडा. दुसऱ्या बाजूचा घालायचा राहून गेला होता की मी तो राहू दिला होता, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी पडद्यावर जे पाहिलं त्यात शंकेला जागा नव्हती. बटणाच्या एका अंगाला टंगस्टनच टंगस्टन, मधोमध न वितळलेला एक आख्खा खडा. दुसऱ्या अंगाला जवळजवळ सगळं टायटॅनियम. आचेची परीक्षा दिली होती पहिल्या अंगाने, थंडीची दुसऱ्या अंगाने. परीक्षेला दोन वेगवेगळे धातू बसले होते आणि आम्ही दोघांचे गुण एकाच्या नावावर लावले होते.

दोन दिवसांनी काकांनी त्याच वाट्यांचं अठरा नंबर केलं, पाच वेळा पलटून. ते आचेत बेताचं निघालं, आणि थंडपणी पहिल्याच दाबाला तडकलं.

कंपनीची माणसं आली तेव्हा सरांनी बसल्याबसल्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा घेतला. त्यांच्यातले एक वयस्कर इंजिनिअर काकांना भेटले आणि अर्धा तास भट्टीपाशी उभे होते. त्यातून पुढे काही निघालं नाही. काकांचा करार वाढला नाही. सरांनी त्यांच्यासाठी पत्र लिहिलं, वर दोनदा जाऊन आले, पण नोंदीचं प्रकरण फाईलवर गेलं होतं. जर्मनीतली जागा दुसऱ्या कोणालातरी मिळाली. शेवटच्या दिवशी काकांनी तांब्याची बशी घासूनपुसून लख्ख केली आणि मला सळई धरायला लावली. दुपारभर मी एक टाकाऊ बटण पलटत होते आणि ते मागे उभे होते.

त्यांच्यावर मी बरेच महिने रागावलेली होते. हे लिहायला अवघड जातंय, पण तसं होतं. त्यांना फोन केला नाही, सायनला गेले नाही. प्रबंधासाठी वाढवून मिळालेलं ते वर्ष मी रोज स्वतः भट्टी पेटवली. टंगस्टन कमी करत नेलं, बटणं एकजीव व्हावीत म्हणून दिवसचे दिवस भाजत ठेवली, प्रत्येक बटण दोन्ही अंगांनी कापून पाहिलं. शेवटी जो धातू हाती आला त्यात चमत्कार नव्हता. आचेत ठीक, थंडपणी तडकत नाही. पण तो सगळीकडून एकच धातू होता. त्यावर मला पदवी मिळाली. प्रबंधाचं आभाराचं पान मी मराठीत लिहिलं, काकांना कळावं म्हणून. त्यात त्यांच्याबद्दल तीन ओळी होत्या. एक प्रत सरांच्या हाती त्यांना पाठवली. स्वतः गेले नाही.

गेल्या वर्षी ते लालबागला परत राहायला आले. चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर. सरांकडून त्यांचा नवा नंबर घेऊन मी फोन केला. निमित्त होतं. नायोबियम, टँटॅलम, टायटॅनियम आणि हाफ्नियम यांचं एक मिश्रण परदेशातल्या लोकांना सापडल्याचं मी वाचलं होतं. कडाक्याच्या थंडीतही ते तडकत नाही आणि भट्टीतही ताकद राखतं. आम्ही शोधत होतो त्याच्या फार जवळचं. काका म्हणाले, घरी येऊन सांग.

मी गेले. ते खिडकीशी बसले होते, पाय सुजलेले, बाकी तसेच. काकी आत मासे तळत होत्या. मी त्या नव्या धातूबद्दल सगळं सांगितलं. त्यांनी वाट्यांची विचारपूस केली. नायोबियम बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त आहे म्हटल्यावर त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. थोरला भाऊ लागतोच, असं म्हणाले. मग त्यांनी शेजारच्या फळीवरून माझा प्रबंध काढला. आभाराच्या पानावर बसचं जुनं तिकीट खुणेला घातलेलं होतं.

"हे चुकलंय गो," ते म्हणाले.

त्यांचं बोट दुसऱ्या ओळीवर होतं. मी लिहिलं होतं, "ज्यांनी क्षणाचाही विलंब न लावता आपली चूक सांगितली."

"चार दिवस लागले मला," ते म्हणाले.

मी काहीतरी म्हणणार होते, त्यांनी डावा हात वर केला. पहिल्या दिवशी, त्यांनी सांगितलं, त्यांना वाटलं की बहुतेक फरक पडणार नाही. दुसऱ्या दिवशी कराराचा विचार आला, आणि काकींना काय सांगायचं याचा. तिसऱ्या दिवशी मी कपाट उघडं टाकून जेवायला गेले, तेव्हा ते वही काढून आपला तो पाच बघत बसले, आणि त्यांना स्पष्ट दिसलं की हे कोणालाही, कधीही कळणार नाही.

"तेव्हा वही मिटली आणि परत ठेवली. जागेवर ठेवली मी ती. तू मला न थांबणारा माणूस करून ठेवलंयस. तो मी नाय."

मी त्यांना पिंपाजवळच्या माझ्या दहा मिनिटांबद्दल सांगायला गेले. ते म्हणाले की ती त्यांना ठाऊक आहेत, ती माझी मी बघावीत, हे पान त्यांचं आहे. आणि खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं.

मी ते शब्द खोडले आणि वर लिहिलं, "चौथ्या दिवशी". त्यांनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि आत हाक मारली, "जेवूक वाढ."

जेवताना त्यांनी विचारलं की प्रबंधाच्या प्रती एकूण किती. मी म्हटलं, माझी धरून आणखी तीन. त्या पण, ते म्हणाले.

माझी मी घरी आल्याबरोबर केली. सरांची पुढच्या आठवड्यात केली. सरांनी पान उघडून पुढे केलं. तिसरी ग्रंथालयात आहे. तिथे पुस्तकांना पेन लावू देत नाहीत. मी खिडकीजवळच्या टेबलावर बसून पेन्सिलीने करून आले.